आरशातल्या माणसाची दाढी

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते, नाहीतर पुढच्या पत्रात टोमणा ठरलेला. तेल चोळतेस ना?

आबांचं विसरणं वाढलंय. कधी मला ओळखतात, कधी शेजारीण समजून घरी सगळे बरे ना म्हणून विचारतात. त्याची सवय झाली. नवीन आहे ते आरशाचं. आबांचं सलून बंद केल्यावर तिथला मोठा आरसा पुढच्या खोलीत लावलाय ना, त्यात त्यांना एक दाढीवाला माणूस दिसतो. तो आपणच, हे काही केल्या पटत नाही. त्याच्याकडे पाठ करून जेवत नाहीत. काल मला म्हणाले, अगं त्याला खुर्ची दे, केव्हाचा उभा आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दाढी काढून टाका, चेहरा ओळखीचा झाला की तो माणूस जाईल. पण कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला घरी बोलावलं, तर मशीनची घरघर ऐकूनच आबांनी त्याचा हात झटकला. वस्तरा कुठाय, एवढंच म्हणत राहिले.

वस्तरा सापडला, पण बोथट आहे आणि धारेला बारीकसा खड्डाही पडलाय. आबांचा जुना दगड मधोमध बशीसारखा झिजलाय. हार्डवेअरवाला सुऱ्यांना धार लावायचा दुतोंडी दगड गळ्यात मारतोय. तू लहानपणी आजोबांजवळ बसून वस्तऱ्यांना धार लावायचीस म्हणे. कुठला घेऊ? उद्या आबांच्या गळ्यावर पातं ठेवायचंय, अंदाजपंचे चालणार नाही.

तुझी लाडकी,
चिवडी


ता. ११ फेब्रुवारी

चि. चिवडीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे आहेत तिथेच आहेत. तुझं अक्षर मात्र अजून चिवडलेलंच, नाव शोभतं हो.

दुतोंडी दगड भाजीच्या सुरीला लखलाभ असो. तो धारेला दात पाडतो, कांद्याला चालतात, कातडीला नाही. जुना दगडही नको. बशीवर पातं सपाट बसत नाही, धार कुठे लागते कुठे नाही. नवे दोन घे, पाण्यावर चालणारे. एक हजार नंबरचा, खड्डा घालवायला. दुसरा आठ हजारचा, बोट फिरवलंस तर गुळगुळीत काच वाटेल असा. दुकानातच त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघ. पट्टीखालून उजेड दिसला तर दगड परत ठेव, मग दुकानदार कितीही गोड बोलो.

वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. धार पुढे. जोर अजिबात नाही, त्याच्या वजनाने जाऊ दे. वळवताना पाठीवरून वळव. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, तिथे पाठ पुढे. पातं नुसतं टेकताच हातावरचे केस गळले पाहिजेत.

तू खुर्चीचं लिहिलंस ना, ते वाचताना मी तिथेच अडले. तुझा आबा आणखी काय बोलतो त्या माणसाशी? खोकल्याचं काही म्हणतो का? जसंच्या तसं कळव.

जिवाला जप.
तुझी आत्या


ता. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दगड मिळाले. पट्टी लावून बघायला लागले तर दुकानदार म्हणाला, बाई, भिंत बांधताय की दाढी करताय? तरी दोन परत केले. आधी हजारवर खड्डा गेला, मग आठ हजारवर घासत बसले. माझ्या मनगटावर आता एक केस शिल्लक नाही, इतकी परीक्षा घेतली.

पण आत्या, वस्तरा तयार असून माझा हात चालत नाही. मी धार लावत होते तेव्हा तो आवाज ऐकून आबा आतून आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आरशासमोर उभे राहिले आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, दादा, थोडा दम धर, अजून मनासारखी धार लागली नाही, उद्या नक्की खुर्चीत बसवतो. मग खोकला जरा कमी आहे का, असं विचारलं. आणि कान देऊन ऐकत राहिले. मलाही वाटलं, आता उत्तर येईल.

दादा म्हणजे थोरले काका ना? मी जन्मायच्या आधीच ते गेले, मला फोटोतलेच माहीत. फोटोत तर दाढी नाही. काका कशाची वाट बघतायत?

लवकर लिही. आता त्या खोलीत जाताना मीच चादरीने आरसा झाकते, पण आबा लगेच ती काढून टाकतात.

तुझी,
चिवडी


ता. २७ फेब्रुवारी

चि. चिवडीस,
अनेक आशीर्वाद.

हे घरात कुणी बोलत नाही, म्हणून तुला माहीत नाही.

दादा बाहेरगावी कामाला होता. परत आला तो छाती पोखरून, दाढी वाढलेली, आईनेसुद्धा दारात ओळखलं नाही. त्याने मधल्याला, म्हणजे तुझ्या आबांना, एकच सांगितलं की मला पूर्वीसारखं कर. मधला धारेच्या बाबतीत भारी चिकित्सक. दादाची कातडी कागदासारखी झाली होती, तिथे साधी धार नको म्हणून दगड बदलत बसला. हा खरखरीत, तो तेलकट. दादा रोज खुर्चीत येऊन बसायचा आणि मधला त्याला उद्या म्हणायचा. मग एका सकाळी तो खुर्चीपर्यंत आलाच नाही.

मधल्याने त्याची दाढी केली, पण गेल्यानंतर. कुणाला आत येऊ दिलं नाही. मी दाराशी होते. तो दादाला विचारत होता, लागत तर नाही ना.

एवढीशी चूकही नव्हती गं ती, मायाच होती. पण त्याला कधी तसं सांगता आलं नाही मला.

आता तू थांबू नकोस. मनासारखी धार कधीच लागत नसते. बसव त्याला.

तुझी आत्या


ता. ६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बसवलं. खुर्ची आरशासमोरच ठेवली. वाटलं होतं आबा मान हलवतील, म्हणून शेजारच्या काकूंना खांदे धरायला उभं केलं होतं. काही गरज पडली नाही. फेस लावला आणि ते पुतळ्यासारखे बसले, नजर आरशात. गळ्याशी आले तेव्हा कातडी बोटाने ताणून धरली. वस्तरा असा गेला, जसा कुणी कापसावरून हात फिरवावा.

मधेच त्यांनी विचारलं, लागत तर नाही ना. मला वाटलं माझ्या हाताबद्दल बोलतायत. पण ते आरशाला विचारत होते. मग आरशातल्याच्या वतीने मीच म्हटलं, नाही रे, छान वाटतंय. आबांनी डोळे मिटले, आणि किती तरी वेळ त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, मी पुसत होते.

डोळे उघडल्यावर आरशाजवळ गेले, काचेवरून हात फिरवला. म्हणाले, आता आईला दाखव जा.

त्यानंतर आरशाकडे बघेनात. पाठ करून जेवले. मला नावाने हाक मारली, तुझीही आठवण काढली. म्हणाले, धाकटीला दाराशी उभं ठेवू नकोस, आत बोलाव.

एवढ्यावर थांबवणार होते, पण तुझ्यापासून काय लपवू. आज सकाळी हनुवटीवर खुंट दिसू लागले. आबा आरशाजवळ गेले, निरखून बघितलं, आणि आनंदाने म्हणाले, आलास? ये, बस. आणि स्वतःच खुर्ची ओढली.

मी दाढीचं पाणी तापत ठेवलंय.

तू आलीस तर बरं होईल. ती चूक नव्हती, मायाच होती, हे या वेळी आत येऊन तूच त्यांना सांग.

तुझी,
चिवडी