तुमचं ताट कुत्रीला दिलंय

बाबा, तुमचं नाव कोरलेलं स्टीलचं ताट मी कुत्रीला दिलंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आईने ते कपाटात वेगळं ठेवलं होतं. त्यात जेवायची कुणाची छाती नव्हती. आता ते व्हरांड्यात असतं.

कुत्री म्हातारी झालीय. जन्मभर तिने आमच्यासारखंच माशाचं हुमण-भात आणि चहात बुडवलेला पाव खाल्ला. डिचोलीच्या डॉक्टरने सांगितलं, मूत्रपिंडं थकलीत, मीठ-मसाला बंद करा, हे पिशवीतलं खाणं द्या. पण एकदम नको, जुन्या जेवणात थोडं थोडं मिसळत न्या. मी मिसळलं. तिने भात तेवढा निवडून खाल्ला आणि नवे दाणे चाटूनपुसून जमिनीवर मांडून ठेवले. भाऊ फोनवर म्हणाला, "दोन दिवस उपाशी ठेव, मुकाट खाईल. बाबांनी हेच केलं असतं."

केलं असतं नव्हे, केलंच होतं. आठवा, मी सात वर्षांची आहे. तुम्ही पाळी गावच्या खाणीवरून आलात, आईने तिसऱ्या केल्यात, आणि त्या शिंपल्यांच्या वासानेच मला मळमळतंय. "भूक लागल्यार खातलं," तुम्ही म्हणालात आणि माझं ताट झाकून ठेवायला लावलंत. रात्री तेच ताट, सकाळी तेच. आईने पदराआडून मला पावाचा एक उंडा दिला, तो तुम्ही माझ्या हातातून हिसकावून रस्त्यावरच्या कुत्र्याला टाकलात. दुपारी मी ते आंबलेलं खाल्लं, ओकले, आणि ती ओकारी तुम्ही मलाच पुसायला लावलीत. आई चुलीकडे तोंड करून उभी होती.

म्हणून भावाचा फोन ठेवला आणि सरळ कपाटातून तुमचं ताट काढलं. आई दचकली. "गो, त्यांचं ताट ते!"

"म्हणूनच घेतलंय."

दाणे कोमट पाण्यात भिजवले, भातात कालवले आणि तिच्याजवळ फतकल मारून बसले. तिने तोंड फिरवलं. मी ओरडले नाही. बोटावर घेऊन भरवलं, नाही म्हणाली तेव्हा साधा भात दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. भात कमी होत गेला, दाणे वाढत गेले. एका सकाळी उठून पाहते तर आईच ते ताट घासून, भरून कुत्रीपुढे ठेवत होती. नुसते दाणे होते. कुत्रीने सगळे खाल्ले आणि तुमचं नाव जीभ फिरवून लख्ख केलं. आई बघत राहिली, मग म्हणाली, "आणखी मातशे, मूठभर तरी घाल गो तिला." तुमच्यामागे इतकी खूश मी आईला कधी पाहिली नव्हती.

मला वाटलं होतं, असं काही केलं की आतला राग निवेल. निवला नाही. उलट रोज ताट मांडताना गंमत वाटते, आणि ती मी सोडणार नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे मनात येईल ते लिहायला मोकळी होते. पहिल्या ओळीपासून तुम्हाला 'तू' म्हणायचं ठरवलं होतं. हात धजला नाही.