माय, आज मी कप वापरला

प्रिय माय,

तुला जाऊन दुसरा पावसाळा सरला आणि एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, मग लिहायचं कुणासाठी, असं वाटायचं. पण आज एक गोष्ट अशी घडलीय की ती ऐकायला तूच पाहिजे होतीस. दुसऱ्या कुणाला सांगितली तर तोंडाला पदर लावतील. तूही लावला असतास म्हणा! पण मग जवळ सरकून हळूच विचारलं असतंस, "बरं, मंग? पुढं काय झालं?"

तर ऐक. पाळीसाठी एक कप मिळतो, माय. चहाचा नव्हे! रबरासारखा मऊ असतो, बोटाएवढा लांब, खाली छोटं शेपूट. तो दुमडून आत घालायचा. आत गेला की उघडतो आणि सगळं त्यात साठतं. सकाळी घातला की संध्याकाळी काढायचा, ओतायचा, धुवायचा, पुन्हा घालायचा. फडकं नको, की ते धुऊन कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून साडीखाली वाळत घालणं नको. एकच कप कितीतरी वर्षं चालतो म्हणे.

आपल्याकडच्या आशा सेविका सुरेखाताई तुला आठवत असतील. लेकरांना डोस पाजायला दारोदार यायच्या त्याच. त्यांनी ऊसतोडीला जाणाऱ्या आम्हा बायकांना समाजमंदिरात बसवून तो दाखवला. माझी जाऊ छाया भीतभीत म्हणाली, तो वर चढून पोटात गेला तर? सुरेखाताईंनी सांगितलं की पुढं रस्ता बंद असतो, कुठं जात नाही. त्या असंही म्हणाल्या की पहिल्यांदा त्यांनाही घाम फुटला होता आणि अजूनही कधीकधी चुकतं. त्यांच्या त्या बोलण्यानंच मी एक घेतला, माझं बघून छायानंही. घेतला आणि पेटीत साड्यांच्या खाली ठेवून दिला. बरेच महिने तो तिथंच होता.

मग आता का काढला? तुझ्यामुळं, माय.

या पावसाळ्यात माझं ओटीपोट दुखायला लागलं. अंगावरून पांढरं जायचं, वास यायचा. तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरकडं गेलो. त्यानं माझ्याकडं धड बघितलंही नाही. सोनोग्राफीचा फोटो बघून म्हणाला, पिशवी खराब झालीय, दोन लेकरं झालीत ना, आता तिचं काय काम, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. सासूबाई म्हणाल्या, आमच्या सगळ्यांच्या काढल्यात, काही होत नाही, सीझनला कटकट राहत नाही. तुझा जावई खाली मान घालून पायातल्या चपलेकडं बघत राहिला.

हेच सगळं बोलणं मी आधी ऐकलं होतं. शब्दसुद्धा तेच. तेव्हा खुर्चीत तू बसली होतीस आणि तुझ्या पदराला धरून मी उभी होते.

त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधीच बोलले नाही. मी पाचवीत होते. तुला आत नेलं आणि अण्णा आणि मी बाहेर बाकड्यावर बसलो. बऱ्याच वेळानं एक सिस्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि पेशंटचं कोण आहे म्हणून विचारलं. तिनं वरचं फडकं बाजूला केलं. दाखवायची पद्धत असते तिथं, काढली ती खरंच काढली म्हणून. अण्णांनी तोंड फिरवलं. मी बघितलं.

तू शुद्धीवर आल्यावर तुझे ओठ कोरडे पडले होते. पाणी द्यायचं नव्हतं. तू पहिलं हेच विचारलंस, "कशी व्हती गं ती?" अण्णा म्हणाले, काय करायचंय तुला आता. आणि तो विषय तिथंच संपला.

माय, ती एवढुशी होती. आपल्या बांधावरच्या पेरूएवढी. गुलाबी, ओली, चकचकीत. मला ती वाईट दिसली नाही. खराब पिशवी कशी असते ते मला ठाऊक नव्हतं, पण मी बघत होते आणि मनात एकच विचार होता, यात मी मावले कशी? मी आणि संतोष दोघंही यातच होतो? हातपाय, डोकं, डोळे सगळं एवढ्याशा जागेत झालं? मला भीती नाही वाटली. नुसतं बघत राहावंसं वाटलं. सिस्टरनं फडकं टाकलं आणि ती निघून गेली. कुठं गेली ती, कुठं टाकली, कुणी विचारलं नाही.

तुझी तिशी पण झाली नव्हती. पुढच्याच सीझनला तू मोळ्या उचलत होतीस. बायका म्हणायच्या, सुटलीस. तूही म्हणायचीस. पण कडाक्याच्या थंडीत पाचटाच्या कोपीत झोपल्यावर तू गोधडी भिरकावून द्यायचीस, अंगाची आग आग होते म्हणायचीस. मग कंबर गेली, मग गुडघे. शेवटी अंगणात साधा पाय घसरला काय आणि खुबा मोडला काय! त्यातून तू उठलीच नाहीस. तुझ्या वयाच्या शहरातल्या बायकांच्या पोरींची तेव्हा लग्नंही झालेली नसतात.

रागावू नकोस, पण एक विचारू? तू आणखी एखाद्या डॉक्टरला का नाही विचारलंस? आणि मला कधी काहीच का नाही सांगितलंस? मला पहिल्यांदा पाळी आली ती उसाच्या फडात. माझ्या परकरावर पाचट चिकटलं होतं, रक्त वाळलं होतं आणि मला वाटलं कोयता लागला कुठंतरी. तू एका जुन्या साडीचा तुकडा फाडून दिलास. पाण्याच्या घागरीला शिवू नको म्हणालीस, कुणाला सांगू नको म्हणालीस, आणि मोळी बांधायला वळलीस. कितीतरी दिवस मला वाटायचं की मी मरणार आहे आणि तुला ते ठाऊक आहे म्हणून तू बोलत नाहीस. आता कळतं, तुलाही कुणी काही सांगितलंच नव्हतं. देणार तरी काय होतीस तू मला, त्या तुकड्याशिवाय?

असो. त्या डॉक्टरला मी म्हणाले, विचार करून सांगते. दुसऱ्या दिवशी युसूफ वडगावच्या आठवडी बाजाराचं निमित्त काढून मी सुरेखाताईंना गाठलं. त्या मला जीपनं सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी नीट तपासलं, किती तरी प्रश्न विचारले, कपडा कुठं वाळवता हेसुद्धा. म्हणाल्या, जंतुसंसर्ग झालाय, गोळ्या देते, नवऱ्यानंही घ्यायच्या, बऱ्या व्हाल. मी विचारलं, "आणि पिशवी?"

"पिशवीला काय झालंय? चांगली हाय तुमची पिशवी," त्या म्हणाल्या.

मला तिथंच रडू आलं, माय. त्यांना वाटलं दुखलं. मला वाटत होतं, हे एक वाक्य तुला कुणी म्हणालं असतं तर?

गोळ्या संपल्या, दुखणं गेलं, पुन्हा तपासून झालं, आणि मग पाळी आली ती आज. सोयाबीन काढायला जायचं होतं. सासूबाई आधीच रानात गेल्या होत्या. मी कप उकळून घेतला, न्हाणीत गेले, पत्र्याचं दार ओढलं. पहिल्याच खेपेला दुमडलेला कप बोटातून सुटला आणि टुणकन उडून बादलीत पडला! मी एकटीच हसले. दुसऱ्या खेपेला अर्धा गेला आणि असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, राहू दे, आपलं फडकंच बरं. मग सुरेखाताईंचं आठवलं. अंग ढिलं सोड, घाई करू नको. उकिडवी बसले, डोळे मिटले, श्वास सोडला. आणि गेला, माय! आत गेल्यावर उघडल्याचं कळलं, आणि मग काहीच नाही. काहीच वाटेना. मी उभी राहिले, बसले, दोनदा उडी मारून बघितली.

दिवसभर वाकून सोयाबीन काढलं. सुरुवातीला छायाला सारखं विचारत होते, मागं काही दिसतंय का गं? काही नव्हतं. ना घासलं, ना ओलं झालं, ना मांड्या सोलल्या. दुपारी भाकरी खाताना एकदम लक्षात आलं की मला पाळी आलीय हेच मी विसरले होते. तू कधी विसरली होतीस का गं? एकदा तरी?

दिवस मावळायच्या आत घरी आले आणि काढायला गेले, तर हाताला लागेना. छायाचं बोलणं आठवलं, वर चढून पोटात गेला तर? मग बाळंतपणात देतात तशी हलकी कळ दिली. तो खाली सरकला. बुडाशी दाबून, थोडा तिरका करून काढला.

आणि बघितलं. माय, एवढंच असतं! तळाशी साठलेलं, लालभडक, स्वच्छ. वास नाही, घाण नाही. एवढ्यासाठी आपण घागरीपासून लांब राहिलो? एवढ्यासाठी तुला कापलं?

पुन्हा घालायच्या आधी, हात धुऊन, मी बोटानं आत चाचपलं. नाकाच्या शेंड्यासारखं काहीतरी लागलं, मऊ पण घट्ट, मधोमध बारीक खळी. सुरेखाताई म्हणाल्या होत्या, ते पिशवीचं तोंड. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. याच एवढ्याशा खळीतून माझी श्रावणी आली, ओंकार आला. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आपोआप बोलणं थांबतं ना, तशी मी गप्प झाले. गाभाऱ्यात जायची ज्या दिवसांत मनाई, त्याच दिवशी! किती वेळ तशीच बसून राहिले कोण जाणे. इतकी वर्षं हे माझ्याजवळ होतं आणि मी त्याला फक्त कटकट म्हणत होते.

बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, लई वेळ झाला म्हणून. मी बाहेर आले आणि कसं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. कप, सरकारी दवाखाना, डॉक्टरीण बाई, सगळं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या येळंला का न्हवतं गं हे?"

मी म्हणाले, "आत्या, माझी पिशवी मी काढणार न्हाई."

त्या उठल्या, फळीवरून एक जुनं जर्मलचं पातेलं काढलं, राखेनं घासलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "ह्यात उकळत जा. हे तुझंच." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनाही कुणी दाखवली नसेल ना गं, कशी होती ती?

दसरा झाला की आम्ही उसाला निघू. तिथं फडात कसं जमेल, पाणी कुठून आणीन, ठाऊक नाही. जमवीन. छायानंही आज तिचा कप पेटीतून काढलाय. घाबरतेय, पण काढलाय.

आणि माय, तुला एक शब्द देते. श्रावणी आता दुसरीत आहे. तिचा दिवस येईल तेव्हा मी मोळी बांधायला वळणार नाही. हातातला कोयता खाली ठेवीन, मुकादम ओरडला तर ओरडू दे, आणि तिला शेजारी बसवून सगळं सांगीन. रक्त कुठून येतं, का येतं, आणि ती कुठून आली. तिला हे सगळं एखाद्या चांगल्या बातमीसारखं कळेल.

तुझीच,
मंगल