वेगळ्या दोरीवरची लुगडी

आये, पावसाने माझ्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात. सुनेने काल मलमाची ट्यूब आणून दिली. "टेन्शन घेऊ नका, पण बरं वाटलं म्हणून लावायचं थांबू नका," असं बजावून ती कामाला गेली. सीवूड्सच्या या घरात माझ्या पायाला काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मी झाकण उघडलं आणि मला तुझी भीती आठवली.

माझं लग्न ठरलं त्या साली मानेवर, केसांखाली, नायटा उठला होता. गोल, कडेने लाल. आपण मिठागरात खाऱ्या पाण्यात राबणारी माणसं. पावसाळ्यात घरातल्या एकाच दोरीवर सगळ्या बायकांची लुगडी, आणि जे सुकेल ते हाताला येईल तिने नेसायचं. कुणाचं कुणाला लागलं, कोण सांगणार? पण तू हबकलीस. "हलदीला मान उघडी पडंल, पोरी. त्यांच्या बायका बगतील. कोनाला बोलू नको." अंगावर डाग निघाला म्हणून शेजारच्या गावात एक लग्न मोडलं होतं, ते तू विसरली नव्हतीस.

मग मामाने मुंबईहून ट्यूब आणली, त्याच्या हातावरच्या पुरळाला डॉक्टरने दिलेली. तू दार लोटून घेऊन ती मला लावायचीस. लाली गेली, खाज गेली, तू देवाला नारळ फोडलास. आणि मग एक दिवस मला न्हायला घालताना तुझा हात थांबतो. नायट्याची कड पुसली गेलीय आणि तो खांद्यावरून पाठीवर पसरलाय. तू तांब्या खाली ठेवतेस आणि पदराने माझी पाठ टिपून पुन्हा बघतेस.

पनवेलचे डॉक्टर भडकले. "या ट्यूबने खाज दबते आणि नायटा माजतो." त्यांनी दुसरं मलम दिलं, चरचरणारं, सालपटं काढणारं. डाग गेला तरी लावत राहायचं आणि माझे कपडे वेगळे उकळून उन्हात घालायचे. मलम मी सोसलं असतं. पण वेगळे कपडे म्हणजे गावभर दवंडीच. उघडीप मिळाली त्या सकाळी तू अंगणात दुसरी दोरी बांधलीस. शेजारणीने विचारलं, "कुनाची गो ही?" तू मान वर न करता म्हणालीस, "माजी हायेत. माज्या अंगाला नायटा झालाय." लुगडी कुणाची ते ओळखू येणार नव्हतंच.

विहिरीवर तू आलीस की बायका आपापले हंडे बाजूला ओढू लागल्या. कुणी नायटा म्हणे, कुणी आवाज उतरवून महारोगाचं नाव घेई. सासरहून निरोप आला: लग्न होईल, पण मुलीच्या आईने हळदीला हात लावायचा नाही.

मी पाटावर बसलेय. होणारी नणंद माझे केस बाजूला सारते आणि मानेवर वाकून बघत राहते. मग तिची हळद मानेला लागते, गार. कातडी कोरी होती, आये. तू दाराआड उभी होतीस, हात पदराखाली. तुझ्या अंगावर साधी पुटकुळी नव्हती. मला ओरडून सांगायचं होतं, पण तू नुसती नको म्हणून मान हलवलीस. त्यानंतर तू डोळे मिटेपर्यंत गावात कुणीही तुला हळद लावायला बोलावलं नाही.

हे लिहून पाठवायचं तरी कुठे? घडी घालून उशीखाली ठेवीन. आता नातीची हळद आलीय. सून म्हणाली, "पहिली हळद तुम्हीच लावा." मी म्हटलं, "नको गं, पायाचं हातालाही लागलंय वाटतं." ती म्हणाली, "बघू?" मी हात पदराखाली घेतले. तुला लावू दिली नाही ती हळद मी पहिली कशी लावू? स्वच्छ आहेत, आये. तुझे होते तसेच.