दहा लाख तीन

घाटनांदूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, फसली १३२८

चिरंजीव गुरुलिंग यास अप्पाचे आशीर्वाद.

मानमोडीच्या तापाची साथ ओसरली. दुकान उघडलं आहे. तुझ्या आईला पेज जाते. हैदराबादेत तुझी शाळा सुरू झाली असेल.

गेल्या सालच्या दिवाळीत तू शिवकांताला एक आकडा दिला होतास, आठवतं? दहा लाख तीन. एक आणि तो आकडा सोडून आणखी कशानं निःशेष भागून दाखव, मग हैदराबादेला शाळेत घालतो, असं म्हणालास. पोरीनं खरं मानलं. भाकरी थापून झाली की पाटी घेऊन बसायची आणि उरलेली बाकी वहीत उतरवायची. मी म्हणालो, "अगं, चारानं भागलंच न्हाईस." तर म्हणते, "दोनानं जात न्हाई, मंग चारानं कसा जाईल, अप्पा? आन् हजाराच्या म्होरं जायचंच न्हाई. एक भाजक हजाराच्या वर आसला तर जोडीचा खालीच घावंल." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तेरा वर्षांची पोर.

श्रावणात वही घेऊन दुकानात आली. "अप्पा, ह्यो फुटतच न्हाई. अण्णाला ठावं हुतं का?"

तुला ठाऊक होतं. मलाही होतं. चौसाळ्याचं स्थळ माझ्या मनात होतं. पोरगी शाळेचा हट्ट सोडत नाही, तिला कशात तरी गुंतव, असं मीच तुला सांगितलं होतं. तेव्हा आपण दोघं हसलो होतो.

मी तिला म्हणालो, "कुठंतरी बाकी चुकली आसंल. पुन्यांदा बघ."

ती पाटी पुसून पहिल्यापासून बसली.

पत्राच्या माथ्यावर श्री नाही, ते तू पाहिलंच असशील. कार्तिकात ती गेली. घरात तिघंही अंथरुणाला खिळलो होतो, तार करायचं भान कुणाला नव्हतं. तापातही पाटी उशाशी होती. दुसऱ्या खेपेला वही सहाशे तेरापर्यंत आली होती.

तिच्याच रीतीनं, चारासारखे आकडे गाळून, पुढचे छप्पन्न भागाकार मी केले. दुकानाचा हिशेब जन्मभर तोंडी केला, पण हे पाटीवर मांडून केलं. सहा दिवस लागले. काल नऊशे सत्त्याण्णवानं भागलं, बारा उरले. नवाचा ताळा लावला, जुळला.

पोरीचं पहिल्या खेपेलाच बरोबर होतं. एवढं तिला सांगायला हवं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही.

वही देवळीत ठेवली आहे. येशील तेव्हा शेवटचं पान आधी पाहू नकोस. ते अक्षर माझं आहे.

तिला पुन्हा भागायला बसवणारा,
तुझा बाप रुद्रप्पा