चिलखताचा उजवा खांदा

३० एप्रिल, रविवार

घरात बसून आठवा दिवस. पाय प्लास्टरमध्ये, डोकं टीव्हीमध्ये. पवईच्या साइटवरून फोन आला — ‘मिथुनभाई, आराम करा, इथे सगळं झकास चाललंय.’ झकास! अठरा वर्षं एसीचे डक्ट बसवले, एकदा शिडीवरून घसरलो तर माझ्याशिवाय लगेच झकास!

डायरी उघडली कारण आज श्रुतिका आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. बारावं लागल्यापासून पोरगी म्हणजे ढगळ टी-शर्ट, खाली मान आणि ‘काही नाही’. फोटो काढायला गेलं की पळते. डिसेंबरात शाळेच्या नाचातून काढलं तिला. ‘उभं राहायची ढब नाही, ओळ बिघडते,’ असं तोंडावर सांगितलं म्हणे. घरी येऊन रडली पण नाही. त्यानंतर कशातच भाग घेतला नाही.

आज म्हणाली, ‘बाबा, तुझी ती सिल्व्हर टेप देशील?’

बिल्डिंगच्या पोरांचा एकवीस तारखेला गच्चीवर खेळ आहे. खजिन्याचं बेट, दोन जहाजं, तलवारी, लढाई. एका जहाजाची दर्यासारंग — आमची श्रुतिका! चिठ्ठ्या टाकल्या आणि तिचं नाव आलं. ‘मी नाहीच म्हणणार होते,’ म्हणाली. ‘पण चिलखत असेल ना, तर उभी राहीन सगळ्यांसमोर.’

एवढंच बोलली आणि आत गेली. पण मला कळलं. हे चिलखत नीट झालं पाहिजे. काही झालं तरी झालं पाहिजे.

२ मे, मंगळवार

बोरिवलीहून मेव्हणीची, म्हणजे अनुपमाच्या बहिणीची, मुलगी ऋता आलीय सुट्टीला. वय सात, जीभ सत्तावीस. आल्या आल्या माझ्या प्लास्टरवर मांजर काढलं आणि मग चौकशी सुरू — ‘काका, डक म्हणजे तर बदक. तुम्ही ऑफिसांना बदकाची टेप लावता?’

अठरा वर्षं आम्ही सगळे साइटवर ‘डक टेप, डक टेप’ करत आलो. डक्टमधला ट कुठे गेला कुणाला पत्ता नाही. सात वर्षांच्या पोरीने पकडला!

खेळात काय होणार विचारलं तर म्हणे, ‘मला तोफ व्हायचंय.’

‘अगं, तोफ चालवणारी?’

‘नाही. तोफ.’

अनुपमा पोळ्या लाटता लाटता इतकी हसली की पोळी करपली. जाऊ दे. माझ्याकडे माळ्यावर गोल फ्लेक्सिबल डक्टचा तुकडा आहे, चांदीसारखा, दाबला की मिटतो, सोडला की लांब होतो. ऋता त्यात काखेपर्यंत मावते. तोफेचा प्रश्न मिटला.

५ मे, शुक्रवार

चिलखताचा श्रीगणेशा!

रीत सोपी. पोरीला माझा जुना टी-शर्ट घातला. त्याच्यावर वीतभर टेपचे तुकडे, अर्ध्यावर अर्धा, कमरेपासून वर. जोरात ओढायचं नाही, नाहीतर श्वास अडकतो. तीन थर झाले की पाठीमागून मधोमध कात्रीने सरळ कापायचं आणि टी-शर्टसकट अख्खं कवच काढून घ्यायचं. अंगाचा साचाच मिळतो.

मी स्टुलावर, पाय दुसऱ्या स्टुलावर. श्रुतिका समोर उभी. ऋता तुकडे फाडून देणार — त्यातले निम्मे स्वतःच्या केसांना. काखेपाशी आलो की श्रुती खी खी करायची. ‘बाबा, गुदगुल्या!’ किती महिन्यांनी ऐकलं हे. मी मुद्दाम दोन तुकडे जास्त लावले तिथे.

कवच काढून टेबलावर उभं केलं तर — वाट लागली! उजवा खांदा वर, डावा खाली. कंबर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने सपाट. असा डक्ट बसवला असता तर इंजिनिअरने मला खिडकीतून खाली फेकलं असतं.

जाऊ दे. पहिलंच होतं. हाताला सवय नाही.

८ मे, सोमवार

दुसरं केलं. आज कडक शिस्त. गळ्यापासून खाली स्केचपेनने रेघ मारली, दोन्हीकडे सारखे तुकडे मोजून लावले. श्रुती चाळीस मिनिटं उभी. पंखा बंद, कारण टेप उडते. घामाच्या धारा.

परत तेच! उजवा खांदा वर!

मी भडकलो. ‘सरळ उभी राहा म्हटलं होतं ना!’

‘सरळच होते.’

‘सरळ अशी असते? बघ हे!’ आणि मी तिचा उजवा खांदा धरून खाली दाबला. आई सोफ्यावरून — ‘गो बाय, कितीदा सांगलंय तुका, सरळ उभी रव. बापाशीचो पाय मोडलो, तुझी पाठ कशाक वाकडी?’ वर्षभर आईचं हेच पालुपद. मीही तेच म्हणतो, अनुपमाही म्हणते. मोबाइल बघून बघून वाकलीय, दप्तर एका खांद्यावर घेते, आळस.

श्रुती आत गेली, कडी लावली.

अनुपमा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘पोरगी आहे ती. पत्रा नाही.’

बरोबर आहे तिचं. हात लावायला नको होता मी.

९ मे, मंगळवार

बोलत नाही. माझ्याशी नाही, टेपशीही नाही.

११ मे, गुरुवार

मांडवली केली ऋताने. दोघांच्या मध्ये बसली आणि म्हणाली, ‘काका सॉरी म्हणणार आहेत, तू जरा थांब.’ मला म्हणाली, ‘म्हणा.’

म्हटलं. नीट म्हटलं. ‘श्रुती, मी ओरडायला नको होतं. खांदा दाबायला तर मुळीच नको होता. सॉरी, बाळा.’

ती टेपचा रोल बोटावर फिरवत होती. ‘ओके,’ म्हणाली. मग रोल खाली ठेवून — ‘मी प्रयत्न करते, बाबा. खरंच करते. थोडा वेळ राहते, मग परत तसं होतं.’

मी म्हटलं, चल, तलवारी करू.

आजचा दिवस काय सुंदर गेला! पाइपवर चढवतात तो काळा फोम होता, त्याच्या तलवारी केल्या. आत पुठ्ठ्याची पट्टी, वर टेप. लागली तरी दुखत नाही — आईच्या पाठीवर ट्राय करून पाहिली, तिने ऋताला मालवणीत जे काय ऐकवलं ते ऋताने वहीत लिहून घेतलंय. ढाली दोन, पुठ्ठ्याच्या. मुठी मी केल्या, नक्षी श्रुतीने. टेपचे बारीक त्रिकोण कापून लाटा केल्या तिने ढालीवर, एकेक लाट नखाने दाबून. काय हात आहे पोरीचा! माझ्या साइटवर असा एक माणूस नाही.

दुसऱ्या कवचात पेपर कोंबून पुतळा केला, म्हणजे तिला ताटकळत उभं करायला नको. ऋताने त्याचं नाव ठेवलं ‘वाकडोबा’. आम्ही सगळे हसलो. श्रुतीही हसली. जरा उशिराने हसली.

१४ मे, रविवार

आता मात्र मी हट्टाला पेटलो. अंगावर घ्यायचंच नाही. छाती, कंबर, खांदा मापं घेतली, पुठ्ठ्यावर आखलं, डावं-उजवं एकदम सारखं. गुण्याने काटकोन तपासले. खांद्यांवर पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोब्बर मधोमध. झकास! वर गळ्याला काळी किनार, छातीवर नांगर. बिल्डिंगचे सेक्रेटरी धोंडिरामकाका बघायला आले, म्हणाले, ‘अरे, हे तर म्युझियममध्ये ठेव.’

मग श्रुतीने घातलं.

उजव्या काखेत काचतंय. डाव्या खांद्यावर दोन बोटं पोकळ. पाठीवर उजवीकडे इतकं ताणलं गेलं की जोड टरकन सुटला. तिने श्वास घेतला आणि नांगर वाकडा झाला.

पाणसळीत पास, अंगावर नापास. असं कसं होईल? मापं मी स्वतः घेतली होती.

श्रुती हळूच म्हणाली, ‘बाबा, चूक माझीच असेल.’

‘चूक टेपची,’ मी म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

१७ मे, बुधवार

सकाळी चहाच्या वेळी श्रुती वाकडोबाला घेऊन आली. पोटातले पेपर काढले होते.

‘हेच घालते. वाकडं आहे, पण मला हेच बरोबर बसतं.’

मला पटत नव्हतं. अठरा वर्षांत वाकडं काम माझ्या हातून बाहेर गेलेलं नाही. पण अनुपमाने डोळे मोठे केले. म्हटलं, ठीक. डाव्या खांद्यावर पुठ्ठ्याचे खवले चढवले, तीन थर, म्हणजे समोरून उंची सारखी दिसेल. मागे लाल ओढणीचा झगा, सगळं झाकलं जाईल. श्रुती आरशासमोर गेली. एकदा वळली, दुसऱ्यांदा वळली.

‘मस्त आहे ना?’ मला विचारलं!

दोन दिवस राहिलेत म्हणून ऋता तोफेसकट झोपायची परवानगी मागतेय. नाही म्हटलंय. (दोन नाही, चार राहिलेत. तिला मोजायला कोण सांगणार!)

२१ मे, रविवार

काय संध्याकाळ होती!

गच्चीवर अख्खी बिल्डिंग. धोंडिरामकाकांनी पाण्याच्या टाकीला बेट म्हणून जाहीर केलं. मी लिफ्टने वर, कुबडी टेकत, खुर्ची पहिल्या रांगेत. आणि आमची दर्यासारंग आली. संध्याकाळचं ऊन चिलखतावर पडलं होतं, नुसतं चमचमत होतं. मान वर! हातात तलवार! मला वाटलं अडखळेल. नाही अडखळली. असा खणखणीत हुकूम दिला — ‘शिडं सोडा रे!’ — की खालचे कुत्रे भुंकायला लागले. एवढा आवाज आहे हिला? गेले पाच महिने कुठे ठेवला होता?

तोफेने ऐनवेळी संवाद विसरून ‘मी तोफ आहे!’ असं तीनदा सांगितलं आणि कागदाचे बोळे थेट सेक्रेटरींवर उडवले. शिट्ट्या!

आई शेजारून पुटपुटली, ‘सरळ उभी रव गो...’ मी म्हटलं, ‘आई, आज गप्प.’ गप्प बसली.

खेळ झाल्यावर श्रुतीने फोटो काढू दिले! समोरून काढले. झगा काढल्यावर पाठमोरे पण काढले, ऋताला तोफेत कोंबताना. मला मिठी मारली, टेप करकरली. ‘बाबा, पुढच्या सुट्टीत पण करू.’

पाय मोडला ते बरंच झालं म्हणायचं.

२२ मे, सोमवार

सकाळी फोटो बघत बसलो होतो. पाठमोऱ्या फोटोवर थांबलो. मोठा करून पाहिला.

पहिलं कवच माळ्यावर टाकलं होतं, ते काढायला लावलं. दुसरं खुर्चीवर होतंच, त्याचे खवले उतरवले. दोन्ही शेजारी ठेवली. मोजली. दोन्हींत उजवा खांदा वर, तेवढाच. कंबर आत, त्याच बाजूने, त्याच जागी. आणि मापाने केलेलं तिसरं फाटलं तेही उजवीकडे, पाठीवर.

मी साइटवर नव्या पोरांना काय शिकवतो? एक जोड वाकडा गेला तर हाताची चूक. सगळे जोड एकाच बाजूला गेले तर हात सोडा, भिंत तपासा.

श्रुतीला हाक मारली. म्हटलं, पाठ करून उभी राहा, तुला आवडेल तशी. बॅगेतून ओळंबा काढला. मानेच्या मणक्यावर दोरी धरली, वजन खाली सोडलं, हलायचं थांबेपर्यंत थांबलो. दोरी सरळ खाली गेली. पाठीची रेघ दोरी सोडून उजवीकडे गेली आणि कमरेत परत आली. वाक म्हटलं, तर एका बाजूची पाठ वर उचललेली.

‘काय झालं, बाबा?’

‘काही नाही गं,’ म्हटलं. आणि अनुपमाला हाक मारली.

२६ मे, शुक्रवार

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या पायाची तारीख होती, तीच तिला दिली. एक्स-रे. कणा वाकलाय, बत्तीस अंश. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात काही मुलींना होतं — मोबाइलने नाही, दप्तराने नाही, कुणाच्या चुकीने नाही. वेळेत आलात, पट्टा लावू, ऑपरेशन बहुतेक टळेल. सरळ उभी राहा म्हणून ती सरळ होणार नव्हती.

श्रुती एक्स-रेकडे खूप वेळ बघत होती. रडेल वाटलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, ‘म्हणजे मी मुद्दाम नव्हते करत.’

मग म्हणाली, ‘आजीला पण सांग.’