एकच शेड

मंगळवार, संध्याकाळ

सकाळचा डबा अजून बॅगेतच आहे. कॉलेजच्या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक निघालं आणि ते बुजवायच्या आधीच कुणीतरी आत शिरलं. दिवसभर तेच निस्तरतोय. मेल सर्व्हर मात्र वाचला. तो खालिदभाईंनी वेगळ्या मशीनवर ठेवलेला, पासवर्डसुद्धा वेगळे.

खालिदभाई माझे पहिले साहेब. आता रिटायर होऊन तेरखेड्यात असतात, घरचा धंदा फटाक्यांचा. मी नवा असताना विचारलं होतं, दोन्ही एकाच मशीनवर का नको? म्हणाले, "आमच्याकडं दारूचं एकेक शेड लांब लांब बांधतेत. एक उडालं तर एकच उडावं." मला तेव्हा ते उगाच वाटलं होतं. काही बिघडलं की मी जेवण विसरायचो. तेच माझा डबा उघडून पुढं सरकवायचे. कसले दिवस होते ते.

शेवटी फोन लावला. फायरवॉलचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती शेड गेली?"

"एकच."

"मग डबा उघड आधी."

डब्याचं मी काही बोललोच नव्हतो.