माऊसचा बाण

शनिवार, कळंब

आज कॉलेजात जुन्या कॉम्प्युटरांवर बोललो. कमांड टाइप करायचे दिवस गेले, पडद्यावर चित्रं आली, माऊस आला आणि कॉम्प्युटर सगळ्यांना सोपा झाला, असं सांगितलं. मग जुनं मशीन चालवून दाखवायला अण्णांनाच बोलावलं. तालुक्यातला पहिला कॉम्प्युटर क्लास माझ्या वडिलांचा. त्यांचा हात थरथरतो, हे मला ठाऊक नव्हतं का? बाण पडद्यावर नुसता नाचत राहिला.

"अण्णा, पळतोय बघा, धरा की," प्राचार्य म्हणाले. पोरं हसली. मीही हसलो. तो बाण अजून डोळ्यांपुढून जात नाही.

परतताना अण्णा म्हणाले, "हात तवाबी असाच व्हता. कीबोर्ड जमायचा, माऊस न्हाई जमला. म्हनून क्लास बंद केला."

घरी आईला म्हणाले, "पोरगं लई भारी बोललं."